उजव्या बाजूचा भोवरा

३ डिसेंबर, मंगळवार

लागली एकदाची संभाजीची साइट! डोकं खाल्लं या माणसानं. आधी लाल रंग पाहिजे, मग भगवा, मग म्हणे, ‘ताई, लग्नाचा धंदा हाय, सोनेरी कर की.’ केलं सोनेरी. मग म्हणे घोडी स्क्रीनवर चालत यायला पाहिजे. म्हटलं, चालत येणार नाही, उभी राहील. तेवढ्यावर मिटलं.

इंदापूरला वरातीच्या घोड्या भाड्यानं देतो तो. दोन आहेत — जाई आणि रेशम. सख्ख्या बहिणी, दोघी नुकरा जातीच्या, पांढऱ्याशुभ्र, एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं. फरक एवढाच की जाई नाचते आणि रेशम नुसती देखणी उभी राहते. धंदा सगळा जाईवर.

या घोडेवाल्यांचे फोटो म्हणजे वैताग. शेण, फुटकी बादली, मागं वाळत घातलेली लुंगी, घोडीच्या डोळ्यावर माश्या. सगळं पुसत बसायचं. शिवाय माझा एक हट्ट असतो — घोडं उजवीकडं बघणारं पाहिजे. उजवीकडं ‘बुकिंग करा’चं बटण असतं, आणि घोडं जिकडं बघतं तिकडं माणूस बघतो. रेशमचा फोटो नीट होता. जाई डावीकडं बघत होती. एका क्लिकमध्ये फिरवली, आरशात दिसावी तशी. झालं काम.

बरोबरच्या पोरी हिंजवडीत नोकरीला लागल्या. मी इथं बारामतीच्या जळोचीत बसून घोड्यांच्या साइटी करते. खोगीरवाला, बग्गीवाला, खुराकवाला. मकसूद नालबंदाची पोरगी म्हटल्यावर दुसरं कोण येणार माझ्याकडं?

५ डिसेंबर

अब्बांना जेवताना साइट दाखवली. मोबाइल हातभर लांब धरून बघितला आणि म्हणाले, ‘ही जाई न्हाय.’

म्हटलं, जाईच आहे. तर म्हणे, ‘जाईचा भोवरा डावीकडं हाय. हिचा उजवीकडं. ही तर रेशम झाली.’

माणसाच्या डोक्यावर असतो ना केसांचा भोवरा, तसा या दोघींच्या मानेवर आहे. एकीला डावीकडं, एकीला उजवीकडं. तेवढ्यावरूनच लोक त्यांना ओळखतात. मी फोटो फिरवला आणि भोवरा फिरला! हसायलाच आलं. अब्बा हसले नाहीत. आमच्याकडं नवरदेवाची आजोबा-काका मंडळी इसार द्यायच्या आधी तबेल्यात जाऊन भोवरा बघतात. उजवीकडचा असला की जोडा सुखी, डावीकडचा म्हणजे घरात कटकट. जाई एवढी नाचते, पण या भोवऱ्यापायी तिची किती गिऱ्हाइकं परत गेलीत म्हणे.

अब्बांचा यावर विश्वास आहे का, ते मला कधी कळलं नाही. विचारलं की म्हणतात, ‘जनावर खुरात असतंय, मानंवर न्हाय.’ खुराला हात लावला की डोळे मिटून घोडं ओळखतात ते. उद्या फोटो सरळ करते म्हटलं.

६ डिसेंबर

फोटो सरळ करणार म्हणून संभाजीला फोन केला तर तो किंचाळलाच. ‘ऱ्हाऊ दे की ताई! काल दोन पार्ट्या फोटो बघूनच इसार दिऊन गेल्या.’

म्हटलं, लग्नाच्या दिवशी खरा भोवरा दिसला तर? म्हणे, ‘मानंवर झूल टाकतो की मी. दिसतोय कुठं.’

मला काय. त्याची घोडी, त्याचं गिऱ्हाईक. आणि खरं सांगायचं तर पान तसंच छान दिसतंय.

१५ डिसेंबर

कऱ्हाटीला राजवर्धनदादांचा घोडा मेला. शौक म्हणून पाळला होता, लग्नाकार्यात मिरवायला द्यायचे. अब्बा बघून आले. नाकातून पिवळा चिकट शेंबूड, मागच्या पायावर गाठी, त्या फुटलेल्या. अब्बांनी चहाला हात लावायच्या आधी कोपरापर्यंत साबण लावून धुतलं. अम्मीनं विचारलं काय झालं होतं त्याला. अब्बा हळू आवाजात म्हणाले, ‘शेंबा.’

आमच्या घरात हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मोबाइलवर बघितलं. ग्लँडर्स म्हणतात. घोड्याला औषध देत नाहीत. रक्तात सापडला की मारून पुरायचं, नाहीतर आख्खा तालुका लागतो. शेवटी लिहिलं होतं की माणसालाही होतो. नाकातलं, जखमेतलं पाणी लागलं तरी. आणि वेळेवर ओळखला नाही तर माणूस हाताला लागत नाही.

पुढं वाचवेना. मोबाइल पालथा ठेवला.

१९ डिसेंबर

तो मेलेला घोडा भिगवणच्या एका लग्नात जाई-रेशमच्या शेजारी बांधला होता. म्हणून आज जनावरांच्या सरकारी डॉक्टरांचं पथक इंदापूरला आलं, दोघींचं रक्त घेतलं. संभाजीचा फोन — ‘ताई, रक्ताच्या कागदाला दोघींचा फोटो लावायचाय, लवकर धाड, साहेब खोळंबलंत.’

मी बाजारात होते, एका हातात मेथी. साइटवरचे होते तेच दोन्ही पाठवून दिले.

२ जानेवारी

रिपोर्ट आला. जाईला आहे. रेशमला नाही.

अब्बा जेवले नाहीत. जाई पायाळू जन्मली होती, तेव्हा यांनीच आत हात घालून ओढून काढली होती. पहिली नाल यांचीच. घरी आम्हाला कधी नाव घेऊन हाक मारली असेल नसेल, पण ‘जाये, पाय दे’ म्हणताना त्यांचा आवाज असा मऊ व्हायचा की मला लहानपणी राग यायचा.

अम्मी म्हणाली, आता तिकडं फिरकू नका. म्हणाले, ‘रविवारी येणारेत. धरायला कुणी पायजे.’

५ जानेवारी

अब्बा तिन्हीसांजेला आले. बाहेरच नळावर अंघोळ केली. कपडे चुलीत घातले, नवी विजार होती ती सुद्धा. एवढंच म्हणाले, ‘तरणी हुती. काय त्रास न्हाय झाला.’

मग बाहेरच्या पडवीत अंथरूण घातलं. थंडीत! अम्मी ओरडली, ऐकलं नाही.

८ जानेवारी

लिहू नये असं वाटतंय. तरी लिहिते, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही.

सकाळी संभाजीनं व्हिडिओ पाठवला. ‘जाईचं पान काढून टाक. रेशमचा नवा व्हिडिओ हाय, ह्यो लाव.’ लग्नातला होता. बँड वाजतोय, घोडी दोन पायांवर उभी राहते, ठेक्यावर मान टाकते. मी म्हटलं वा, रेशम पण शिकली वाटतं!

रेशम कशी शिकेल चार दिवसांत?

नाचता नाचता मानेवरची झूल सरकली. मी व्हिडिओ थांबवला. भोवरा डावीकडं. मोबाइल फिरवून बघितलं, मागचा बँडचा फलक वाचला, अक्षरं सरळ होती. म्हणजे व्हिडिओ उलटा नाही. ही जाई आहे. जाई जिवंत आहे.

मग रविवारी मारली ती रेशम. कागदावर जाईच्या नावापुढं मी पाठवलेला उलटा फोटो होता. भोवरा उजवीकडं. साहेबांनी कागद बघितला, संभाजीनं पुढं केलेली घोडी बघितली, भोवरा जुळला. चांगली रेशम पुरली आणि रोगी जाई वरातीत नाचतीय.

संभाजीच्या मेसेजच्या शेवटी होतं, ‘नाक वलं दिसतंय जरा. तेवढं पुसून दे.’

९ जानेवारी

संभाजीला फोन केला. आवाज चढवूनच बोलले. म्हटलं, तुझी अक्कल ठिकाणावर आहे का? त्या घोडीवर नवरदेव बसतात, लेकरं हात लावतात, माझे अब्बा तिच्या पायाशी बसतात!

तो आधी रडकुंडीला आला. ‘जाई गेली तर मी काय करू ताई, रेशमवर एक लगीन मिळत न्हाय. ती काय आजारी दिसत न्हाय. चारा खातीय.’ मी म्हटलं, मी आत्ता साहेबांना सांगते. तेव्हा आवाज बदलला. एकदम थंड.

‘सांग की. फोटो उलटा कुणी केला? कागदासाठी कुणी धाडला? मेसेज हाय माझ्याकडं, तुझ्या नंबरचा. मी म्हणंन, मला काय कळतंय कॉम्प्युटरमधलं. पयली तू जाशील आत.’

मी फोन कट केला.

१० जानेवारी

व्हिडिओ लावला नाही. साहेबांना फोनही केला नाही. नंबर काढून नुसती बघत बसते. फोटो मी फिरवला, हे खरं आहे. मी पाठवला, हेही खरं. आता कुणाला सांगू की मला माहीत नव्हतं, आणि कोण ऐकून घेईल?

१२ जानेवारी

अब्बा इंदापूरला निघाले. ‘रेशमची नाल ढिली झालीय, संभाजीचा निरोप हाय.’

मी दारात आडवी झाले. म्हटलं, आज नको, अम्मीला दवाखान्यात न्यायचंय. अम्मी आतून म्हणाली, मला काय धाड भरलीय! म्हटलं, एसटी बंद आहे. म्हणाले, ‘चालू हाय, आत्ता शेजारचा आरिफ तिकडनंच आला.’ म्हटलं, पाठ दुखते तुमची. माझ्याकडं बघत राहिले. मग पिशवी खांद्याला लावून गेले.

सांगायला पाहिजे होतं. तोंडावर आलं होतं. पण सांगितलं तर अब्बा सरळ साहेबांकडं जाणार, त्यांना खोटं जमतच नाही. मग माझं नाव.

एक गोष्ट मनातून जात नाही. खुराला हात लावून घोडं ओळखणाऱ्या माणसाला ही रेशम नाही हे कळलं नाही? वय झालं बहुतेक. डोळ्यांचं ऑपरेशनही पुढं ढकलतायत. हेच असेल. दुसरं काय असणार.

१७ जानेवारी

अब्बांच्या मनगटावर फोड आलाय. ठिणगी उडाली म्हणतात.

१८ जानेवारी

म्हाताऱ्याची थेरं वाढलीत. ताट वेगळं, तांब्या वेगळा, टॉवेल वेगळा. अम्मीला म्हणे, माझ्या कपड्यांना हात लावू नको, मी धुईन. अम्मी चिडून म्हणाली, ‘मी विटाळले का काय तुमाला?’ ते पडवीत भिंतीकडं तोंड करून झोपले.

आज फोड फुटला. मी औषध लावायला गेले तर हात झटक्यात मागं घेतला. ‘लांब हो!’ म्हणून ओरडले. मला एवढं जोरात कधी बोलले नव्हते.

२१ जानेवारी

ताप. थंडी वाजून. गल्लीतले डॉक्टर म्हणाले व्हायरल आहे, सगळीकडं साथ आहे. गोळ्या दिल्या.

मला माहीत आहे हे व्हायरल नाही. मला एकटीला माहीत आहे.

२३ जानेवारी

ताप उतरत नाही. खोकल्यात रक्ताची रेघ. अम्मी दुवा मागत बसलीय आणि मी लॅपटॉप उघडून संभाजीचं पान बघतेय. उलटी जाई बटणाकडं बघत उभी आहे. किती सुंदर दिसते.

२५ जानेवारी

बारामतीत मोठ्या दवाखान्यात आणलं. छातीत डाग आहेत. टायफॉइड नाही, डेंग्यू नाही, टीबी वाटतो पण तोही नाही. डॉक्टरबाई तरुण आहेत, माझ्याएवढ्याच. सारख्या येऊन बघतात. म्हणाल्या, औषध लागू होत नाहीये, कशामुळं आहे ते कळलं तर पुढं जाता येईल. मग अब्बांना विचारलं, ‘काका, काम काय करता? जनावरांशी संबंध येतो का?’

अब्बांनी डोळे उघडले. म्हणाले, ‘वेल्डिंग. जनावरं न्हाईत आमच्याकडं.’

मी पलंगाच्या पायथ्याशी उभी. नालबंद म्हणून आख्ख्या बारामती-इंदापुरात ओळखला जाणारा माणूस, ज्याच्या बोटांना नालांचे घट्टे आहेत, तो म्हणतो वेल्डिंग! अम्मी म्हणाली, तापात बरळतायत. पण ते बरळत नव्हते. माझ्याकडं बघत होते, बोलू नको असं. का?

आणि मी बोलले नाही. बाई वहीत ‘वेल्डिंग’ लिहून निघून गेल्या. मी तिथंच उभी! अगं बये, बाप मरतोय तुझा. तुला अजून स्वतःचीच पडलीय.

२६ जानेवारी

सांगितलं.

सकाळी दवाखान्याच्या आवारात झेंडा झाला, पोरं खाऊ वाटत होती. बाई झेंड्याचा बिल्ला लावून वॉर्डात शिरत होत्या. त्यांना जिन्यातच गाठलं. म्हटलं, ते वेल्डर नाहीत, नालबंद आहेत, आणि ज्या घोडीला नाल मारतात तिला ग्लँडर्स आहे. त्या म्हणाल्या, कोणत्या घोडीला? सरकारनं तर तिला मारलं ना, पेपरात होतं. म्हटलं, मारली ती दुसरी. फोटो मी उलटा केला होता.

त्यांचं तोंड उतरलं. एक क्षण वाटलं, ओरडतील. ओरडल्या नाहीत. ‘हे काल का नाही सांगितलं?’ एवढंच. मग धावत गेल्या. अब्बांना वेगळ्या खोलीत हलवलं, सगळ्यांनी मास्क घातले, औषधं बदलली. नमुना पुण्याला गेला. मला आणि अम्मीलाही तपासलं.

नंतर साहेबांना फोन केला. जाईचा मूळ फोटो पाठवला, उलटा पाठवला, व्हिडिओ पाठवला. ते म्हणाले, ‘तुमच्यावरही कारवाई होऊ शकते, कल्पना आहे ना?’ म्हटलं, आहे. मग रडू आलं. फोटो फिरवला तेव्हा मला काय माहीत होतं, असं म्हणायचं होतं, ते म्हटलंच नाही.

२७ जानेवारी

पथक इंदापूरला गेलं. जाईला मंडपातून परत आणावं लागलं, वरात निघायची होती. नवरदेव फेटा बांधून तयार होता म्हणे. त्या घरच्या सगळ्यांची आता तपासणी.

संभाजीला चौकशीला नेलं. त्यानं सांगायचं तेच सांगितलं — फोटो नालबंदाच्या पोरीनं केला. मलाही बोलावणं आलंय. साइट मी सकाळीच बंद केली. लॅपटॉप पिशवीत भरून ठेवलाय.

अम्मी माझ्याशी बोलत नाही. डबा भरून देते आणि तोंड फिरवते. बरोबर आहे तिचं.

२९ जानेवारी

पुण्याचा रिपोर्ट. तोच रोग. बाई म्हणाल्या, आता नेमकं औषध चालू आहे, शरीर साथ देतंय का बघायचं. मी विचारलं, आधी सांगितलं असतं तर? त्यांनी मास्क वर ओढला आणि आत गेल्या.

३१ जानेवारी

आज बोलू दिलं. ते आत, मी काचेबाहेर, दोघांच्या कानाला मोबाइल. आवाज अगदी बारीक झालाय.

म्हटलं, अब्बा, मला माफ करा. ती रेशम नव्हती. मला आधीच कळलं होतं, आणि मी तुम्हाला तिच्याकडं जाऊ दिलं.

त्यांनी मोबाइल दुसऱ्या कानाला धरला. मग म्हणाले, ‘मला त्याच्या आधी ठावं हुतं. त्या रविवारी म्होरं रेशम हुबी हुती, साहेबानं तुझा फोटो दावला, इचारलं, मकसूदभाई, हीच का? न्हाय म्हणालो असतो तर फोटो कुणी केला ते निघालं असतं. मी म्हणालो, व्हय, हीच.’